खरं दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं?

नाशिकहून मुंबईकडे निघालं की शहर संपता संपता त्रिरश्मीचा डोंगर लागतो. डोंगराच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली पांडवलेणी आहेत आणि पायथ्याला दादासाहेब फाळके यांचं स्मारक. वर दगडातून अर्धवट बाहेर आलेल्या मूर्ती, खाली पहिला भारतीय कथाचित्रपट करणाऱ्या माणसाची आठवण. हा शेजार योगायोगाचा आहे, पण आजच्या विषयासाठी याहून सोयीची जागा मिळणार नाही.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा शिलालेख असलेलं हे लेणं. ओसरीचा सगळा भार खांद्यावर घेतल्यासारखे सहा यक्ष खाली कोरलेले आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपल्याला ‘हे खरंच इथे आहेत’ असं वाटतं. हात लांब केला तर खांद्याला लागेल, बोटं दंडाच्या मागच्या खाचेत जातील, हे हात न लावताही कळतं. (हात लावू नकाच. दोन हजार वर्षं टिकलेला दगड आपल्या घामाने झिजायला नको.) आता मोबाइलवर त्यांचा फोटो काढा आणि फोटो पाहा. तेच खांदे, तीच सावली. कोणता दगड पुढे, कोणता मागे हेही फोटोत नीट समजतं. तरीही मघाशी जे वाटलं ते वाटत नाही. माहिती जवळपास तेवढीच आहे, मग काय गळालं?

सोपं उत्तर तयार असतं: आपल्याला दोन डोळे आहेत, कॅमेऱ्याला एकच. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे.

आधी बरोबर अर्धं. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे जवळच्या वस्तूचं प्रत्येक डोळ्याला दिसणारं चित्र थोडं वेगळं असतं. उजव्या डोळ्याला नाकाच्या उजव्या बाजूचा गाल जरा जास्त दिसतो, डाव्याला डावीकडचा. मेंदू या दोन चित्रांतला फरक मोजतो आणि त्यातून खोली काढतो. ही गोष्ट पुराव्यानिशी मांडली लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ मध्ये. त्यांनी दोन आरसे काटकोनात लावून एक यंत्र केलं आणि एकाच आकृतीची दोन किंचित वेगळी रेखाचित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली. कागदावरच्या नुसत्या रेघा हवेत उभ्या राहिल्या. फोटोग्राफीची घोषणा त्यानंतरच्या वर्षी, १८३९ मध्ये झाली. म्हणजे त्रिमितीचा खेळ फोटोपेक्षा एका वर्षाने थोरला! अनेकांच्या लहानपणी घरात ‘व्ह्यू-मास्टर’ नावाचं लाल खेळणं असायचं, गोल चकती घालून खटका दाबायचा. ते याच यंत्राचं नातवंड.

दोन डोळ्यांचा उपयोग तपासायचा तर एका हातात पेन, दुसऱ्यात त्याचं टोपण घ्या, कोपर थोडे लांब करा, एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून लावून पाहा. पहिल्या फटक्यात बहुतेकांचं चुकतं. सुईत दोरा ओवणं, कपात चहा ओतणं, जिन्याची शेवटची पायरी, या सगळ्याला दोन डोळ्यांचा फार आधार असतो. मात्र हा आधार हाताच्या टप्प्यात आणि त्यापुढे थोड्या अंतरापर्यंत भक्कम. जसजसं लांब जावं तसतसा दोन चित्रांतला फरक नगण्य होतो.

पण एक डोळा मिटल्यावर जग काही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट होत नाही. यक्ष तिथेच असतात. कारण एका डोळ्यालाही पुष्कळ खुणा मिळतात. पुढची वस्तू मागचीला झाकते. रस्ता लांब जाताना निमुळता होतो. मान हलवली की जवळचं भराभर सरकतं, लांबचं रेंगाळतं. बसच्या खिडकीतून विजेचे खांब पळतात आणि डोंगर सोबत चालतो, तेच हे. हवासुद्धा खूण देते. पावसाने हवा धुऊन निघाली की दिंडोरीच्या बाजूचे डोंगर एका कोसावर आल्यासारखे वाटतात, आणि धुरकट सकाळी तेच डोंगर दूर जाऊन बसतात. डोंगर तसूभरही हललेला नसतो.

एका डोळ्यावर किती निभावतं याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मन्सूर अली खान पतौडी. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून कसोटी खेळले, तिसऱ्याच कसोटीत मद्रासला त्यांनी शतक ठोकलं, आणि पुढच्या काही महिन्यांत, वयाच्या २१ व्या वर्षी, ते कर्णधार झाले. सुरुवातीला त्यांना दोन चेंडू दिसत. दुखऱ्या डोळ्यावर टोपी ओढून त्यांनी वेळ निभावून नेली. तेव्हा दोन डोळ्यांशिवाय खोली कळत नाही, हे विधान बाद.

मग प्रश्न पुन्हा तिथेच येतो. एका डोळ्याने पाहिलेला यक्ष खरा वाटतो, दोन डोळ्यांनी पाहिलेला त्याचा फोटो खरा वाटत नाही. म्हणजे ‘खोली कळणं’ आणि ‘खरं वाटणं’ या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले धनराज विश्वनाथ यांनी नेमकं हेच धरून ठेवलं. २०१३ मध्ये पॉल हिबर्ड यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकच साधं चित्र, एकाच डोळ्याने, एका लहान भोकातून दाखवलं. त्रिमितीचा चष्मा नाही, दोन चित्रं नाहीत. तरी पुष्कळांना चित्रातल्या वस्तू भरीव, हाताला लागतील अशा, मध्ये मोकळी जागा असलेल्या दिसल्या. व्हीटस्टनच्या यंत्रात जो अनुभव येतो त्याच जातीचा.

हे घरी करता येतं. मघाचा फोटो पूर्ण पडद्यावर घ्या. एका कागदाची बोटभर जाडीची नळी करा, एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्याने नळीतून फोटो पाहा. अट एकच: मोबाइलची कड, बोटं, टेबल काहीही दिसता कामा नये, फक्त फोटोच्या आतला भाग दिसला पाहिजे. अर्धा मिनिट थांबा. अनेकांना यक्षाचा खांदा हळूहळू मागच्या दगडापासून सुटा होताना दिसतो. सगळ्यांना दिसेलच असं नाही. ज्यांना दिसतो ते सहसा ‘अरे!’ म्हणतात.

विश्वनाथ यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. खोली दोन प्रकारची असते. एक, कोण कोणाच्या पुढे आणि कोण मागे. ही फोटोतही असते. दुसरी, ती वस्तू माझ्यापासून किती हातांवर आहे. ही फोटोत नसते, कारण माझ्यापासून ठरावीक अंतरावर असलेली एकच वस्तू तिथे आहे, ती म्हणजे कागद किंवा मोबाइलची काच. मेंदूला काचेचं अंतर पक्कं ठाऊक असतं आणि चित्रातल्या यक्षाला अंतर लावायला तो तयार होत नाही. नळीतून पाहिलं की काच नेमकी कुठे आहे हेच पुसट होतं. आता मेंदू ते अंतर यक्षाला देऊन टाकतो, आणि अंतर मिळालं की यक्ष ‘इथे’ येतो. म्हणजे एखादी गोष्ट खरी वाटते तेव्हा मेंदूने तिच्यापर्यंत हात किती लांब करावा लागेल याचा हिशेब केलेला असतो. हा सिद्धांत सगळ्या शास्त्रज्ञांनी मान्य केलेला नाही, वाद चालू आहे. पण जत्रेत यायचा तो खोका आठवा. भिंगाच्या भोकाला डोळा लावला की आतली साधी छापील चित्रं का एवढी जिवंत वाटायची, याचा उलगडा या म्हणण्यात होतो.

आता पायथ्याशी उतरू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी चित्रकला शिकली, फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले (आडनाव उलटं वाचा). डोळ्याला काय खरं वाटतं आणि काय वाटत नाही, हे ज्याला पोटापाण्यासाठी कळणं भाग होतं असा हा माणूस. मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर येशूच्या जागी राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. त्यानंतर सिनेमाच्या वेडापायी त्यांनी डोळ्यांना इतकं राबवलं, झोपेचं इतकं खोबरं केलं, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. मुंबईच्या डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. ती आली नसती तर १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आलाच नसता.

त्यांनी नाशिकला मुक्काम हलवल्यानंतर १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. यावर ‘भोळे लोक, चित्राला देव समजले’ अशी शेरेबाजी करणं सोपं आहे. मला ती पटत नाही. रामाला पाहून वहाण काढणारा माणूस उठून पडद्यावरच्या पायांना हात लावायला धावत नव्हता. राम हाताच्या टप्प्यात नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरीही राम त्याच्यापुरता हजर होता. अंधार, पडद्याच्या न दिसणाऱ्या कडा, दोन डोळ्यांतला फरक उरणार नाही एवढं अंतर आणि हालचाल, एवढ्या सामग्रीवर मेंदू बरंच काही खरं मानतो. सगळं नाही. खरेपणाला थर असतात, आणि १९१७ च्या प्रेक्षकाला ते थर आपल्याइतकेच कळत होते.

इथवर गंमत होती. आता ज्यांच्या बाबतीत ही गंमत नाही त्यांच्याकडे वळायला हवं.

सुझन बॅरी या अमेरिकेतल्या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापक. तान्हेपणापासून तिरळेपणा. लहानपणी तीन शस्त्रक्रिया झाल्या, डोळे दिसायला सरळ झाले, पण दोन्ही डोळे एकत्र काम करत नव्हते. मेंदू एका वेळी एकाच डोळ्याचं ऐकायचा. महत्त्वाची गोष्ट अशी की हे त्यांना स्वतःला वीस वर्षांच्या होईपर्यंत माहीतच नव्हतं. कॉलेजात तिरळ्या केलेल्या मांजराच्या पिलांवरच्या प्रयोगांबद्दलचं व्याख्यान ऐकताना त्यांना उमगलं की आपल्याला त्रिमिती दिसत नाही. ते प्रयोग डेव्हिड ह्यूबेल आणि टोर्स्टन वीझल यांचे; दृष्टीवरच्या कामासाठी १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही डोळ्यांकडून येणारी माहिती जोडणाऱ्या पेशी मेंदूत असतात आणि लहानपणी त्यांना काम मिळालं नाही तर ते कसब जातं, असं त्यातून दिसलं होतं. म्हणजे बॅरी यांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी दृष्टिप्रशिक्षण सुरू केलं. थोड्याच दिवसांत एकदा गाडीत बसल्यावर त्यांना स्टिअरिंग पुढे हवेत आलेलं दिसलं, त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये रिकामी जागा होती. ती जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पुढे बर्फ पडताना त्यांच्या लक्षात आलं की आजवर बर्फ समोर एका पडद्यात पडायचा, आता आपण त्याच्या आत उभे आहोत. २००६ मध्ये ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर लेख लिहिला, २००९ मध्ये बॅरी यांचं स्वतःचं पुस्तक आलं. त्यांच्या सांगण्यातला मुद्दा ‘आता खोली जास्त अचूक कळते’ एवढाच नाही. आधी जग बाहेरून पाहत होते, आता जगात आहे, असा तो आहे.

ही गोष्ट वाचून कोणी चाळिशीत ‘डोळ्यांचे व्यायाम’ विकणाऱ्याच्या दारात जाऊ नये. बॅरी यांच्यासारखा फरक सगळ्यांना पडत नाही, आणि व्यायामाने चष्मा घालवून देण्याच्या जाहिरातींचा या शास्त्राशी काही संबंध नाही. पण या गोष्टीतला एक धडा आपल्या घरांसाठी थेट आहे: ज्याने खोली कधी पाहिली नाही, तो खोली दिसत नाही अशी तक्रार करत नाही. तुमचं मूल येऊन ‘आई, मला त्रिमिती दिसत नाही’ असं सांगणार नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्यांना असंच दिसतं.

आपल्याकडे याच्या भरीला ‘लकी’ तिरळेपणा असतो. एखादं मूल किंचित तिरळं पाहतं. आजी म्हणते भाग्याचं लक्षण, मामा म्हणतो मोठेपणी सरळ होईल, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी बघू. लग्नाच्या वेळी शस्त्रक्रिया करून डोळे सरळ करता येतात, हे खरं. पण तोवर सुमारे वीस वर्षं मेंदूने एका डोळ्याचं ऐकणं बंद केलेलं असतं. शस्त्रक्रिया स्नायूंची होते, मेंदूची नाही.

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले काही आठवडे इकडेतिकडे भरकटतात. त्याची काळजी नको. तीन ते पाच महिन्यांच्या सुमारास दोन डोळ्यांची जोडी जमू लागते आणि खोली दिसू लागते. चार महिन्यांनंतरही एखादा डोळा सतत आत किंवा बाहेर जात असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काही बाळांचं नाक चपटं असतं, नाकाजवळची कातडी डोळ्याचा पांढरा भाग झाकते आणि डोळे तिरळे भासतात; तो भास आहे, पण तो भास आहे हे डॉक्टरांना ठरवू द्या. एक गोष्ट मात्र अजिबात थांबवू नका. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसत असेल, मग तिरळेपणा असो नसो, त्याच आठवड्यात तपासणी करा. मोतीबिंदू असू शकतो, आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही. लवकर सापडला तर मुलाचा जीव वाचतोच, अनेकदा डोळाही वाचतो.

तिरळेपणा नसतानाही एक डोळा मागे पडू शकतो. एका डोळ्याला नंबर जास्त, दुसऱ्याला कमी. मेंदू स्पष्ट चित्र निवडतो, अंधूक सोडून देतो. याला डॉक्टर ‘लेझी आय’ म्हणतात, आळशी डोळा. खरं तर आळस डोळ्याचा नसतो. शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा त्रास असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उपचार जुना आणि स्वस्त आहे: योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी. मध्यम स्वरूपाच्या त्रासात रोज सहा तास पट्टी बांधण्याइतकाच फायदा दोन तासांनी होतो, असं २००३ मधल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पट्टीसाठी रोज घरात रडारड होत असेल तर डॉक्टरांशी हे बोलून घ्या. सात वर्षांच्या आत गुण सर्वांत चांगला येतो. त्यानंतर आशा सोडावी असं नाही, किशोरवयातही काही मुलांची नजर सुधारते, पण दार हळूहळू लोटलं जात असतं.

खोली दिसते का हे तपासण्याची एक चाचणी फार साधी आहे. मुलाला एक खास चष्मा घालतात आणि समोर माशीचं मोठं चित्र धरतात. ‘पंख चिमटीत धर बघू.’ ज्याला खोली दिसते ते मूल कागदाच्या वर, हवेत चिमूट धरतं. एखादं घाबरून हात मागेही घेतं. ज्याला दिसत नाही ते शांतपणे कागदावर बोट टेकवतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात तेव्हा डोळ्यांतले दोष पाहतात. त्यांनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. खासगी शाळेतल्या मुलाची निदान शाळेत घालण्यापूर्वी एकदा प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी तपासणी करून घ्या.

जन्मापासून न पाहिलेल्या माणसाला अचानक दिसू लागलं तर काय होईल, हा प्रश्न तत्त्वज्ञांना तीनशे वर्षांहून अधिक काळ छळतो आहे. डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती. त्यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारलं: हाताने गोल आणि चौकोनी ठोकळा ओळखणाऱ्या अंधाला दृष्टी आली, तर तो हात न लावता, नुसता पाहून कोणता कोणता हे सांगू शकेल का? दोघांचंही उत्तर ‘नाही’ असं होतं. १७०९ मध्ये बर्कली यांनी तर अंतर मुळात दिसतच नाही, ते आपण स्पर्शाने आणि हालचालीने शिकतो, असं मांडलं.

याचं उत्तर मिळालं ते भारतात. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’मध्ये जन्मजात अंधत्व असलेल्या, पण उपचार न मिळालेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. त्यांपैकी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर लगेच परीक्षा घेतली गेली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्याने पाहिलेला ठोकळा डोळ्याने ओळखणं त्यांना जमलं, हाताने चाचपलेला हाताने ओळखणं जमलं, पण हाताचा डोळ्याने ओळखताना ती जवळजवळ अंदाजपंचे उत्तरं देत होती. म्हणजे लॉक बरोबर. मात्र काही दिवसांतच मुलं हे शिकली, एवढ्या लवकर की ‘शिकली’ म्हणावं की ‘जोडणी झाली’ म्हणावं असा प्रश्न पडावा. पुढे २०१५ मध्ये याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. निमुळत्या होत जाणाऱ्या रेघांमध्ये ठेवलेल्या दोन सारख्या रेघांपैकी लांबची रेघ मोठी भासते, हा प्रसिद्ध दृष्टिभ्रम अशा मुलांना दृष्टी येताच लगेच होत होता. जगाचा काहीच अनुभव नसताना भ्रम मात्र तयार! तेव्हा बर्कलीही पूर्ण बरोबर नाहीत.

आपल्याकडे हाच प्रश्न दोरी आणि साप घेऊन विचारला गेला. अंधुक उजेडात दोरी साप वाटते. साप खोटा, पण अंगावर आलेला काटा खरा. शंकराचार्यांच्या परंपरेने यासाठी सत्तेच्या पायऱ्या मानल्या: भासापुरतं खरं, व्यवहारापुरतं खरं आणि अंतिम खरं. ‘जग मिथ्या’ हे विधान अंतिम पायरीवरून केलेलं आहे. व्यवहारात घडा घडाच असतो आणि त्यात पाणी भरता येतं. आणि ज्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांच्या शिष्याने तर ‘अमृतानुभवा’त वेगळीच वाट धरली. ज्ञानदेवांच्या मांडणीत दिसणारं जग म्हणजे अज्ञानाने पडलेला पडदा नसून त्याच एका चैतन्याचा विलास आहे. पाहणारा आणि पाहिलं जाणारं ही एकाचीच दोन अंगं.

हे इथे आणण्याला कारण आहे. काही माणसांना जग खरोखरच खोटं वाटू लागतं, आणि आपल्या समाजात त्यावर तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालण्याची सवय आहे. डोळे उत्तम, नंबर नाही, माशीचे पंख हवेत पकडता येतात. तरीही समोरचं सगळं काचेपलीकडचं, नाटकाच्या देखाव्यासारखं, कधी सपाट, कधी धुक्यातलं वाटतं. आईचा चेहरा ओळखीचा असतो, पण ‘ही माझी आई’ हा ओलावा पोचत नाही. वैद्यकात याला ‘डीरिअलायझेशन’ म्हणतात. स्वतःचंच शरीर, स्वतःचाच आवाज परका वाटतो तेव्हा ‘डीपर्सनलायझेशन’. दोन्ही बहुधा हातात हात घालून येतात.

थोड्या वेळापुरता असा अनुभव पुष्कळांना येतो: रात्रभर जागरण, अपघात, जवळच्याचा मृत्यू, भीतीचा झटका, गांजा. तो टिकून राहिला, पुन्हा पुन्हा आला आणि कामधाम अडू लागलं तर तो आजार. शंभरात एखाद-दोघांना तो होतो, आणि सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आतबाहेर होते. म्हणजे नेमकी अभ्यासाला किंवा नोकरीला पोरं घराबाहेर पडतात त्या वयात. हे वेड लागणं नव्हे. वेगळेपण हेच की माणसाला ‘जग खोटं आहे’ असं वाटत नाही, ‘जग खोटं असल्यासारखं वाटतंय’ असं वाटतं. त्या ‘सारखं’मध्ये त्याचं भान शाबूत असतं. म्हणूनच तो घाबरतो आणि म्हणूनच कोणाला सांगत नाही. सांगितलंच तर घरचे म्हणतात जास्त विचार करू नकोस, कोणी म्हणतं दृष्ट लागली, आणि एखादे काका ‘अरे वा, वैराग्य आलं’ म्हणून मोकळे होतात. वैराग्याने माणूस मोकळा होतो असं म्हणतात. या आजारात तो कोंडला जातो. दोन्हींत गल्लत करण्याइतका अद्वैताचा अपमान दुसरा नाही.

अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. या त्रासावर खास असं एकच औषध नाही. बोलण्याचे उपचार, आणि सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याचे उपचार, यांनी अनेकांना उतार पडतो. झोप सुधारणं आणि नशा बंद करणं हा त्याचाच भाग. मधूनच शुद्ध हरपणं, फिट येणं, हातापायांत कमजोरी, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच असं वाटणं, असं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवावं. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या क्षणापुरता दिलासा म्हणून समुपदेशक बहुधा डोळ्यांपेक्षा हाताला कामाला लावतात. गार पाण्याचा तांब्या धरायला सांगतात, पाय जमिनीवर दाबायला सांगतात, हाताशी असलेल्या पाच वस्तूंना एकेक करून स्पर्श करून त्यांची नावं घ्यायला सांगतात: पेला, किल्ली, ओढणी, खुर्चीचा दांडा, भिंत.